हँडीकॅमच्या कॅसेट घरीच डिस्कवर उतरवल्या : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आधी हिशेब सांगते, म्हणजे ज्यांना तेवढाच हवाय त्यांची सुटका होईल. जुन्या कॅसेट वाचणारा सेकंडहँड डिजिटल-८ हँडीकॅम सात हजार. कॅमेऱ्यातलं चित्र केबलने कॉम्प्युटरमध्ये घ्यायला डेस्कटॉपमध्ये बसवायचं फायरवायर कार्ड नऊशे, केबल साडेतीनशे, शिवाय एक टीबीची हार्ड डिस्क आणि कोऱ्या डीव्हीडींचा पन्नासचा डबा. कॅसेट एकवीस, त्यातल्या एकोणीस उतरल्या. जूनमध्ये बसले, दिवाळीच्या तोंडावर उठले. आता फेब्रुवारी आहे आणि त्या डिस्क आमच्याकडे दर आठवड्याला लागतात, म्हणून हे लिहायला घेतलं.

कॅसेट माझ्या सासऱ्यांच्या. १९९६ साली आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, भावाने मस्कतहून नानांना, म्हणजे सासऱ्यांना, हाय-८ (लहान कॅसेटचा, डिजिटलच्या आधीचा) कॅमेरा आणून दिला. गिरगावातल्या चाळीत आमच्या मजल्यावर तो पहिलाच. मग काय, बारशी, मुंजी, डोहाळजेवणं, गणपती, सगळ्यांचं शूटिंग नानांकडे, आणि तेही फुकट. २००३ला त्यांनी मिनी-डीव्ही (त्याहून लहान, डिजिटल कॅसेटचा) घेतला आणि २००८पर्यंत चालवला. नाना जाऊन सहा वर्षं झाली. चाळ पाडली, आम्ही बोरिवलीला आलो, कॅसेट बिस्किटांच्या दोन पत्र्याच्या डब्यांतून आमच्याबरोबर आल्या.

खरं म्हणजे हे काम एकदा झालेलं होतं. २०१२ला एका दुकानात सगळ्या कॅसेट दिल्या होत्या, कॅसेटमागे साडेतीनशे रुपये. दुकानाचं नाव लिहीत नाही, तो माणूस आता त्या धंद्यातही नाही. त्याने नऊ डीव्हीडी हातात ठेवल्या. एकेका डिस्कमध्ये कुठे दोन, कुठे तीन कॅसेट. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. नव्वद मिनिटांच्या तीन कॅसेट त्यात कोंबल्या तर सेकंदाला जेमतेम सव्वादोन मेगाबिट वाट्याला येतात. एकच घातली तर जवळपास सात. त्यामुळे विसर्जनाच्या लेझीममध्ये पोरांच्या चेहऱ्यांऐवजी नुसत्या चौकटी नाचत होत्या.

पण ते एक वेळ चाललं असतं. आवाजाचं काय केलं ते ऐका. "ताई, ओरिजनलमध्ये फार खरखर होती, म्हणून सनई टाकून दिली. त्याचे जादा पैसे नाही घेतले." आरतीला सनई, बारशाला सनई, राणीच्या बागेतल्या पाणघोड्यालाही सनई.

नाना कायम कॅमेऱ्याच्या मागे. एकवीस कॅसेटमध्ये ते दिसतात तीन-चार वेळाच, तेही दुसऱ्या कोणी कॅमेरा धरला म्हणून. बाकी सगळीकडे आहे तो त्यांचा आवाज, माईकला सगळ्यात जवळचा. खोकणं, "हं, चालू आहे, बोला", "अरे बाजूला हो, दिवा येतोय मध्ये". सनईने नेमकं तेवढंच गेलं. तेव्हा नाना घरातच होते, त्यामुळे कोणाला काही हरवल्यासारखं वाटलं नाही.

गेल्या वर्षी त्या नऊपैकी तीन डिस्क प्लेअर वाचेना. स्वस्तातल्या डिस्क, प्लॅस्टिकच्या पाकिटात, मुंबईची हवा. कॅसेट मात्र शाबूत, कारण दुकानदार "आता या टाकून द्या" म्हणाला होता तरी आईंनी टाकू दिल्या नाहीत.

पहिला प्रयत्न फसला. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना एका बाजूला आणि यूएसबी दुसऱ्या बाजूला, असं एक स्वस्त खेळणं ऑनलाइन मागवलं. चित्र आलं, पण कॅसेट संपेपर्यंत आवाज सेकंदभर मागे पडायला लागला. बाई ओठ मिटून बसलेली आणि उखाणा अजून चालूच. ज्यांना एक-दोन कॅसेट नुसत्या बघायच्या आहेत त्यांचं त्यावर भागेल, माझं भागलं नाही.

मग कोणीतरी डिजिटल-८चं सुचवलं. १९९९ला सोनीने हा प्रकार आणला. कॅसेट त्याच आकाराची, रेकॉर्डिंग डिजिटल. त्यातली काही मॉडेल्स जुन्या हाय-८ आणि व्हिडिओ-८ कॅसेटही वाचतात आणि वाचता वाचता डिजिटल करून फायरवायरमधून बाहेर काढतात. सगळी मॉडेल्स वाचत नाहीत, त्यामुळे घेताना जुनी कॅसेट खिशात घालून जा आणि दुकानातच लावून बघा. मी लॅमिंग्टन रोडला तशीच गेले होते. पहिल्या दोन कॅमेऱ्यांत नुसता निळा पडदा आला, तिसऱ्यात वहिनींची हळद दिसली. तो घेतला. मेन्यूत 'टीबीसी' म्हणून एक पर्याय असतो तो चालू ठेवा, उभ्या रेषा थरथरायच्या थांबतात. माझ्या कॅमेऱ्याला यूएसबी पोर्टही आहे, पण त्यातून येतं ते बारकं, दाणेदार चित्र. कॅसेट उतरवायची ती 'आय-लिंक' (फायरवायरचंच सोनीचं नाव) लिहिलेल्या चार पिनांच्या पोर्टमधूनच. विंडोज १०मध्ये कार्डासाठी जुना 'लेगसी' ड्रायव्हर निवडावा लागला, त्यात एक रविवार गेला. पुढे विनडीव्ही नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर, एक बटण, बस्स. मिनी-डीव्हीच्या सात कॅसेट नानांच्याच कॅमेऱ्यातून त्याच केबलने आल्या, आणि त्यांत प्रत्येक प्रसंगाची तारीख-वेळ आत नोंदलेली असते, त्यामुळे "हा गणपती कुठल्या सालचा" हा वाद मिटला. हाय-८च्या बाबतीत तो अजून चालू आहे.

घाईचं काम नाही हे. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटंच लागतात. त्याआधी ती एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे करून घ्यायची, वर्षानुवर्षं पडून टेप आत चिकटलेली असते. लाल खटका सरकवून ठेवायचा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसणार नाही. कॅमेऱ्यातून येणाऱ्या डीव्ही या प्रकारच्या फायलींना तासाला साधारण १३ जीबी लागतात, माझ्या सगळ्या कॅसेटना मिळून तीनशेच्या थोडे वर लागले.

मी चूक केली ती मुहूर्ताची. जूनमध्ये कोणी सुरू करू नका. कॅमेरा एसीच्या खोलीत ठेवायचे आणि काम हॉलमध्ये. तिसऱ्याच दिवशी पडद्यावर सी:२१ असा आकडा लुकलुकायला लागला आणि कॅमेरा कॅसेट बाहेर काढण्यापलीकडे काही करेना. मला वाटलं, गेले सात हजार. मॅन्युअल शोधल्यावर कळलं की आत दव धरलंय. थंड कॅमेरा दमट हवेत आणला की टेप आतल्या फिरत्या ड्रमला चिकटून फाटू नये म्हणून तो स्वतःच संप करतो. कॅसेट काढून, झाकण उघडं ठेवून तासभर थांबलं की ताळ्यावर येतो. त्यानंतर कॅमेरा, कॅसेट आणि मी, तिघं एकाच खोलीत, एसी बंद. जुलैत ते कसं वाटतं हे सांगायला नको.

दुसरी भानगड बुरशीची. कॅसेटच्या खिडकीतून बघितलं की टेपच्या कडेला पिठासारखं पांढरं दिसतं. अशी एक निघाली, ती मी मुद्दाम सगळ्यात शेवटी लावली, कारण ती घाण टेप वाचणाऱ्या हेडवर बसली की पुढची चांगली कॅसेटही खराब दिसते. झालंही तसंच. वीस मिनिटांत चित्रावर बर्फ पडायला लागलं. क्लीनिंग कॅसेट दहा सेकंद, जास्त नाही, मग परत. असं चार वेळा करून ती संपवली. मध्ये मध्ये पट्टे आहेत, आवाज बहुतेक आहे.

न उतरलेल्या दोन कोणत्या? एक नणंदेच्या लग्नाची. ती कलिन्याला तिच्याकडे तळमजल्यावर होती. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा घरात कमरेएवढं पाणी होतं. कॅसेटच्या आत अजून वाळलेला चिखल आहे. ती मी कॅमेऱ्यात घालणार नाही, टाकणारही नाही. दुसरी न्यू जर्सीहून आलेली, वर पी६ लिहिलेली. आपल्याकडच्या पॅल (इथली टीव्ही-व्हिडिओची पद्धत) कॅसेटवर पी५ असतं. ती अमेरिकेतल्या एनटीएससी पद्धतीची, आमच्या कॅमेऱ्यातून नीट निघाली नाही.

आता डिस्कविषयी. डिस्क कशाला, पेनड्राइव्ह दे, असं मुलगा पहिल्या दिवसापासून म्हणतोय. त्याला फायली दिल्याच आहेत. पण आई ८१ वर्षांच्या आहेत. ट्रे उघडायचा, डिस्क ठेवायची, बाण दाबायचा, हे त्यांना पंधरा वर्षांपासून येतं. पेनड्राइव्हमधलं फोल्डर शोधायला दर वेळी आम्हाला हाक मारावी लागते, आणि त्या मारत नाहीत. म्हणून एका कॅसेटला एक डिस्क, दर पाच मिनिटांनी चॅप्टर, वर मार्करने मोठा आकडा. स्टिकर लावू नका, डिस्क डगमगते. कमी स्पीडला बर्न करा आणि व्हेरिफाय करायचा, म्हणजे डिस्क नीट वाचली जाते का ते तपासायचा, कंटाळा करू नका. माझ्या पन्नासातल्या चार तिथेच बाद झाल्या.

एक गोष्ट मला उशिरा कळली. लॅपटॉपवर बघितलं तर हलणाऱ्या माणसाच्या कडेला फणीच्या दातांसारख्या रेषा दिसतात. मी घाबरून सगळं पुन्हा करायला निघाले होते. ते बिघडलेलं नसतं. जुनं चित्र अर्ध्या-अर्ध्या ओळींचं असतं, सेकंदाला पन्नास वेळा, आणि टीव्हीवर ते बरोबर दिसतं. डिस्कसाठी त्याला हात लावू नका, फक्त डीव्हीत खालच्या ओळी आधी येतात एवढं सॉफ्टवेअरला सांगा, नाहीतर चालणारा माणूस उचक्या देत चालतो. मोबाइलसाठी वेगळी प्रत काढताना मात्र डीइंटरलेस करा, म्हणजे त्या अर्ध्या-अर्ध्या ओळी जोडून पूर्ण चित्र करून घ्या.

मूळ डीव्ही फायली दोन ठिकाणी आहेत, एक माझ्याकडे, एक नणंदेकडे. डिस्कवर माझा भरवसा नाही. त्या वापरायला आहेत, झिजायला आहेत.

सगळ्यात जास्त झिजली ती सात नंबरची. गौरी-गणपती, बहुधा १९९८. नानांनी कॅमेरा टेबलावर ठेवला आणि बंद करायला विसरले. अकरा मिनिटं मोझेक लादी, टेबलाचा पाय आणि मधूनच जाणारी नऊवारीची किनार. दुकानदाराने हे सगळं 'खराब शॉट' म्हणून कापून टाकलं होतं. मी ठेवलं.

"अगं, नारळ किती आणलेस?"

"सात."

"सात कशाला?"

"मग मोदकांत काय हवा भरू?"

मग कुकरची शिट्टी, खालून भाजीवाला, नानांचं बेसूर गुणगुणणं. शेवटी "अरेच्चा, हा चालूच आहे!" आणि काळं.

आई ती डिस्क लावून मटार सोलत बसतात. पडद्याकडे बघत नाहीत, बघायला आहे तरी काय! नारळाचा प्रश्न आला की मान वर न करता "सात" म्हणतात.

जानेवारीत ती डिस्क अडकायला लागली. कापडाने पुसून पाहिली, ओरखडे खोल होते. गेल्या रविवारी फाइलवरून दुसरी काढली, वीस मिनिटांचं काम. जुनी टाकून देणार होते, आईंनी हातातून घेतली. आता ती गॅलरीत दोऱ्याला टांगली आहे, कबुतरं येऊ नयेत म्हणून.