नियती की योगायोग? रोमिओ-ज्युलिएटचा घात कुणी केला?

शेक्सपिअरने नाटकाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलंय की या दोघांचे ग्रह फिरलेले आहेत आणि दोघंही मरणार. म्हणजे नियतीची बाजू आधीच भक्कम. ज्युलिएटच्या घरच्या मेजवानीला जाण्याआधी रोमिओच्याही मनात पाल चुकचुकते, तरी तो जातोच.

पण नियती नुसती बोलते. कामं सगळी योगायोग करतो. त्याच मेजवानीच्या पाहुण्यांची यादी घेऊन निघालेल्या नोकराला वाचता येत नाही, आणि 'वाचून द्या' म्हणत तो गाठतो नेमका रोमिओला! पुढे नको असलेलं लग्न टाळायला ज्युलिएट ४२ तास मेल्यासारखं झोपवणारं औषध घेते. तसं कळवणारं पत्र हद्दपार होऊन मांटुआ शहरात राहणाऱ्या रोमिओला पाठवायचं ठरतं, पण नेणारा साधू प्लेगच्या संशयावरून एका घरात कोंडला जातो. दार बंद, आत साधू, त्याच्यापाशी ते पत्र. उलट ती मेल्याची खोटी बातमी मात्र रोमिओचा नोकर झटपट पोचवतो. (वाईट बातमीला कधी उशीर झालाय?) रोमिओ विष पितो आणि थोड्याच वेळात ती डोळे उघडते.

मला योगायोगाचं पारडं जड वाटतं. नियती म्हटलं की हळहळून गप्प बसता येतं. पत्र पोचलं नाही म्हटलं की जीव तळमळतो. अर्थात दोन घराण्यांचं वैर नसतं, तर चोरून पत्र धाडायची वेळच आली नसती. आणि ते वैर कशावरून पेटलं, हे तर नाटकात कुठे सांगितलेलंच नाही.