वायफाय मोटर कंट्रोलर काढून ईएसपी३२ बोर्ड लावला, आठ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

मागच्या वर्षी ऑक्टोबर छाटणीच्या आधी विहिरीच्या मोटरला रेडीमेड वायफाय कंट्रोलर घेतला होता, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मला भांडण वाढवायचं नाही. साडेचार हजार दिले. तासगाव तालुक्यात द्राक्षाची बाग आहे, विहीर वस्तीपासून साधारण साठ मीटरवर, वायफाय पोचतं, म्हणून सिमकार्डवाला न घेता वायफायवाला घेतला, दर महिन्याचा रिचार्ज वाचेल हा हिशोब. अ‍ॅपवरून चालू बंद होतं, टायमर आहे, हे सगळं तुम्हाला माहीत असेलच, त्यावर लिहीत बसत नाही.

मला जे सांगायचंय ते एकच, लाईट गेल्यावर हा डबा काय करतो.

वस्तीला आणि विहिरीला एकाच डीपीवरनं (ट्रान्सफॉर्मरवरनं) लाईट. लाईट आली की कंट्रोलर दोन सेकंदात चालू होतो, आणि घरातल्या फायबरच्या राउटरला पूर्ण उठायला दोन ते तीन मिनिटं लागतात. कंट्रोलर अर्धा मिनिट वायफाय शोधतो, सापडत नाही, मग स्वतःचाच हॉटस्पॉट चालू करतो आणि तिथंच बसून राहतो. मागनं राउटर चालू झाला तरी परत बघत नाही. म्हणजे दिवसातनं जितक्या वेळा लाईट जाणार तितक्या वेळा मी विहिरीवर जाऊन त्याला बंद-चालू करायचं. मग घेतला कशाला?

पण खरा धक्का पुढंच होता. शेजारच्या बागेत औषध मारायला आलेला एक पोरगा म्हणाला, दादा तुमच्या विहिरीवर फ्री वायफाय दिसतंय. बघितलं तर त्या हॉटस्पॉटला पासवर्डच नाही. फोन जोडला की पेज उघडतं, त्यात मोटर चालू बंदचं बटण, आणि खाली आमच्या घरच्या वायफायचं नाव, शेजारी डोळ्याचं चिन्ह, ते दाबलं की आमचा पासवर्ड जसाच्या तसा. त्याच पासवर्डच्या नेटवर्कवर घरातले चार फोन, वहिनींचा लॅपटॉप, कॅमेरे. बांधावर उभं राहून कुणीही मोटर चालू करावी, आणि त्याच वेळी आमच्यातलं कुणी विहिरीत उतरून फूटव्हॉल्व्ह साफ करत असावं, एवढं एकच डोक्यात आलं आणि त्या रात्री झोप लागली नाही.

सर्व्हिसला फोन केला. पहिल्यांदा म्हणाले सर ते सेटिंगसाठीचं फीचर आहे. मग म्हणाले राउटरला इन्व्हर्टर लावा. मग एक माणूस आला, साडेतीनशे रुपये व्हिजिट चार्ज घेतला, आणि राउटर बदला म्हणून सांगून गेला. मी एवढंच मागत होतो की हॉटस्पॉटला पासवर्ड द्या आणि वायफाय परत शोधत राहा, दोन्ही सॉफ्टवेअरच्या गोष्टी आहेत. तर कळलं की या मॉडेलला घरबसल्या अपडेट येतच नाही, डबा त्यांच्याकडं पाठवायचा, कुरिअर आपलं. म्हणजे उद्या वायफायमध्येच दोष सापडला तरी हा तसाच राहणार. आणि असं होतं, २०१७ मध्ये मॅथी वानहूफ या संशोधकानं क्रॅक नावाचा हल्ला दाखवला होता, डब्ल्यूपीए२ या वायफायच्या सुरक्षा पद्धतीत फोन आणि राउटर जोडताना जी देवाणघेवाण (हँडशेक) होते त्यातलीच चूक, फोन-लॅपटॉपना अपडेट आले, पण ज्या डब्यांना अपडेटची सोयच नाही त्यांचं काय. त्याच्या आदल्या वर्षी मिराई नावाचं घातक सॉफ्टवेअर पसरलं होतं, कॅमेरे आणि राउटरचे कंपनीनं दिलेले तेच ते पासवर्ड वापरून लाखो उपकरणं ताब्यात घेतली आणि त्यातली बरीच २१ ऑक्टोबर २०१६ ला वेबसाईटच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर सोडली, अमेरिकेत ट्विटर नेटफ्लिक्स सगळं अडकलं. छोटा डबा आहे म्हणून कोण कशाला बघतंय हा विचार मी तरी सोडलाय.

दिवाळीनंतर ईएसपी३२ आणला, म्हणजे वायफाय असलेली, आपल्याला हवा तो प्रोग्राम टाकता येणारी छोटी चिप, बोर्ड, रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच), अ‍ॅडॅप्टर, डबी मिळून हजाराच्या आत. त्यात ईएसपीहोम हे अशा बोर्डांसाठीचं सॉफ्टवेअर टाकलं, घरात रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर होम असिस्टंट, म्हणजे ही सगळी उपकरणं एका जागेवरनं चालवायचं सॉफ्टवेअर. पहिला महिना मी एवढा खूश होतो की भावकीत तिघांना हेच घ्या म्हणून सांगितलं. लाईट आली, राउटर तीन मिनिटांनी उठला, बोर्ड तोपर्यंत शोधतच असतो, आपोआप जोडतो. साडेचार हजारांच्या डब्याला जे जमलं नाही ते साडेचारशेच्या बोर्डानं केलं.

सिग्नलचं मात्र सुरुवातीला नीट जमलं नव्हतं. स्टार्टरच्या लोखंडी पेटीत बोर्ड ठेवला तर सिग्नल उणे ८६ (हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला), सारखा तुटायचा. मग बाहेरच्या अँटेनाची जोडणी असलेला ३२-यू मॉड्यूलवाला बोर्ड घेतला, अँटेना पेटीच्या बाहेर काढली, उणे ६७ झाला. तुमची पेटी लोखंडी असेल तर आधीच तोच घ्या, माझे पहिल्या बोर्डाचे पैसे गेले. अ‍ॅडॅप्टरही बरा घ्या, वायफाय पाठवताना बोर्ड एकदम जास्त करंट ओढतो, स्वस्त अ‍ॅडॅप्टरवर ब्राऊनआऊटचा, म्हणजे व्होल्टेज कमी पडल्याचा मेसेज येऊन रीसेट व्हायचा.

एप्रिलमध्ये खरड छाटणीनंतर माझं मत पार फिरलं होतं. पाणी सगळ्यात जास्त लागतं त्या दिवसांत मोटर मध्येच बंद पडायला लागली. अप्पा विहिरीवर बसून घड्याळ बघून सांगायचे, आठला चालू केली सव्वाआठला बंद, परत चालू केली साडेआठला बंद. स्टार्टर तपासला, कॉईल बदलली, वायरमनला दोनदा आणलं, त्याचे पैसे वेगळे. मी तर बोर्ड काढून टाकायच्याच विचारात होतो आणि त्या तिघांना काय तोंड दाखवायचं हा प्रश्न होता.

मग बरोबर पंधरा मिनिटं का, यावरच अडून बसलो आणि सापडलं. ईएसपीहोममध्ये रीबूट टाइमआऊट म्हणून सेटिंग आहे, आपण काही लिहिलं नाही तर ते पंधरा मिनिटं असतं, आणि ते दोन जागी आहे. वायफाय पंधरा मिनिटं मिळालं नाही तर बोर्ड रीस्टार्ट, हे मला माहीत होतं. दुसरं एपीआयखाली, म्हणजे बोर्ड होम असिस्टंटशी बोलतो त्या भागात, वायफाय व्यवस्थित आहे पण होम असिस्टंट पंधरा मिनिटं जोडलेलं नाही तरी रीस्टार्ट. त्याच आठवड्यात सारखी लाईट जाऊन आमच्या रास्पबेरी पायचं मेमरी कार्ड खराब झालं होतं, होम असिस्टंट बंद, आणि आम्ही मोटर पेटीवरच्या बटणावरनं चालवत होतो. बोर्ड रीस्टार्ट झाला की रिले सुटतो, मोटर बंद. लाईट आल्यावर मोटर आपोआप चालू व्हायला नको म्हणून रिले कायम बंद अवस्थेतच सुरू होईल असं मीच ठेवलंय, आणि ते मी बदलणार नाही, विहिरीत माणूस असू शकतो. दोन्हीकडं टाइमआऊट शून्य केला, म्हणजे हे आपोआप रीस्टार्ट होणंच बंद, त्या दिवसापासून मोटर एकदाही मध्ये थांबली नाही. बोर्डाचा दोष नव्हता, पण मोटरला लावणाऱ्यानं ही ओळ सगळ्यात आधी बदलावी, बल्ब आणि मोटरमध्ये फरक आहे.

त्यानंतर मी एक नियम केला की वायफाय गेलं तरी चालेल अशाच पद्धतीनं सगळं जोडायचं. विहिरीतला फ्लोट वायरनं थेट बोर्डाला, मोटर जास्तीत जास्त तीन तास चालेल हा टायमर बोर्डातच. पाणी संपल्याचं सांगायला घरच्या नेटची गरज पडता कामा नये.

सुरक्षेचं म्हणाल तर एपीआयला एन्क्रिप्शनची किल्ली आणि ओटीए, म्हणजे वायफायवरनं पाठवायच्या अपडेटला पासवर्ड, हे दोन्ही पहिल्या दिवशीच केलं. ईएसपीहोमपण वायफाय न मिळाल्यास स्वतःचा हॉटस्पॉट चालू करू शकतं, सुरुवातीच्या फाईलमध्ये त्याला पासवर्ड आपोआप घातलेला येतो, तो काढू नका, मी तर हॉटस्पॉटच काढून टाकला. राउटरवर गेस्ट नेटवर्क केलं, बोर्ड आणि रास्पबेरी पाय तिथं, घरचे फोन लॅपटॉप वेगळ्या नेटवर्कवर. त्यात एक दिवस गेला, कारण गेस्टवर आयसोलेशन (एका उपकरणाला दुसरं दिसू न देणारी सेटिंग) चालू असेल तर रास्पबेरी पायला बोर्डच दिसत नाही, ते बंद करावं लागलं, मुख्य नेटवर्कचा रस्ता मात्र बंदच ठेवला.

एक कमी राहिलीय, ती लपवत नाही. बोर्ड कुणी चोरून नेला तर यूएसबी जोडून फ्लॅश, म्हणजे बोर्डाची मेमरी वाचता येते आणि त्यात वायफायचा पासवर्ड असतो. फ्लॅश एन्क्रिप्शन ईएसपी३२ मध्ये आहे, पण त्यासाठी चिपमधले ईफ्यूज, म्हणजे एकदाच लिहिता येणारे बिट जाळावे लागतात, ते परत मागं घेता येत नाही, आणि विहिरीवरच्या एकुलत्या बोर्डावर मला ते करायचं धाडस नाही. म्हणून गेस्टचा पासवर्ड पूर्ण वेगळा, बोर्ड गेला तर तेवढाच बदलायचा.

परवा लाईट आल्या आल्या सावळजच्या रस्त्यानं येत होतो, फोनमध्ये त्या जुन्या कंट्रोलरचं नाव तीन विहिरींवर दिसलं, तिन्ही पासवर्डशिवाय. एका ठिकाणी माणूस होता, त्याला पेज उघडून त्याच्याच घरचा पासवर्ड दाखवला, त्यानं लगेच डब्याची वायर काढली. बाकी दोन ठिकाणी कुणी भेटलं नाही, आज संध्याकाळी परत जाणार आहे.