अर्थ नलस्कूल : फुकट आहे, भन्नाट आहे, पण सह्याद्री कुठाय?

हे लिहायचं कारण आधी सांगतो. मी जे हवामान अ‍ॅप वापरायचो त्यांनी न विचारता परत वर्षाची वर्गणी कापली, मेल टाकले तर दर वेळी तेच छापील उत्तर, पैसे काही परत आले नाहीत. तेव्हापासून अर्थ नलस्कूलवर, म्हणजे पृथ्वीच्या गोलावर वाहता वारा दाखवणाऱ्या वेबसाइटवर आलो आणि अख्खा पावसाळा त्याच्यावरच काढला. पैसे नाहीत, जाहिरात नाही, लॉगिन नाही, मोबाईल नंबर मागत नाही. निम्मे मार्क तर मी इथेच दिले.

कॅमेरॉन बेकारिओ नावाच्या प्रोग्रामरने 2013 मध्ये हे सुरू केलं. त्याच्या आदल्या वर्षी फर्नांडा व्हिएगस आणि मार्टिन वॉटनबर्ग यांनी वाऱ्याचा असाच नकाशा केला होता, तो आता न्यूयॉर्कच्या मोमा ह्या आधुनिक कलेच्या म्युझियमच्या संग्रहात आहे, पण तो फक्त अमेरिकेपुरता. ह्याने सगळी पृथ्वीच घेतली.

पहिले काही दिवस माझं मत एवढंच होतं की स्क्रीनसेव्हर म्हणून छान आहे. जूनमध्ये ते मत पार बदललं. खाली डावीकडे 'अर्थ' लिहिलंय त्यावर दाबलं की मेनू उघडतो, त्यात उंची 850 (हा हवेच्या दाबाचा आकडा) वर न्या, म्हणजे साधारण दीड किमी वरचा वारा, आणि मग अरबी समुद्र बघा. विषुववृत्ताच्या खालून वारं येतं, केनिया-सोमालियाच्या किनाऱ्याने वर चढतं, वळतं आणि सरळ आपल्या किनाऱ्यावर येऊन आदळतं. ह्यालाच सोमाली जेट म्हणतात. शाळेत नैर्ऋत्य मोसमी वारे म्हणून पाठ केलेलं सगळं इथे डोळ्यासमोर वाहतंय! तो पट्टा जोरात असला की आमच्या चिपळूणकडे सरींवर सरी, पट्टा विस्कटला की एक-दोन दिवसात उघडीप, हे मी भातलावणीच्या दिवसात रोज ताडून बघत होतो आणि बहुतेक वेळा जुळायचं.

आता माझी मोठी तक्रार. मेनूत 'ग्रिड' आहे ते चालू करा, डेटाचे ठिपके दिसतात. मग कोकणावर झूम करा आणि मोजा किती ठिपके पडतात ते. माहिती येते अमेरिकेच्या जीएफएस ह्या हवामान अंदाजाच्या मॉडेलमधून, त्याचा नेहमी मिळणारा डेटा बारीकात बारीक धरला तरी पाव अंशाच्या जाळ्याचा, म्हणजे जाळ्यातल्या एका घराची बाजू साधारण 28 किमी. कोकणपट्टी समुद्रापासून घाटापर्यंत दोनेक घरात संपली! महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिमीच्या वर पाऊस आणि वाईला 1000 च्या आत, आणि दोघांमधलं सरळ अंतर एका घराएवढंसुद्धा नाही. मग मॉडेलला घाटमाथा कळणार कसा, त्याच्या लेखी सह्याद्री म्हणजे एक बुटका उतार. 22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्यात गेलं, ती तारीख मी ह्याच्यावर मागे जाऊन बघितली (जुन्या तारखा बघता येतात, ही फार मोठी सोय आहे) पण आमच्यावर आणि वर घाटात नेमकं काय कोसळलं ते त्यात शोधून सापडत नाही. जगभरचे लोक वाहवा करतात, सपाट मुलखात ठीकच असेल, आम्ही डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी काय करायचं?

दुसरं म्हणजे गावांची नावं नाहीत, देशांच्या सीमासुद्धा नाहीत. ह्याच्यावर मी फार चिडलो होतो पण आता तेवढी चीड राहिली नाही, कारण आपल्या जागेवर क्लिक केलं की हिरवं वर्तुळ येतं, वाऱ्याची दिशा आणि वेग दिसतो, आणि ते सगळं वरच्या लिंकमध्येच साठतं. ती लिंक बुकमार्क करून ठेवा, पुढच्या वेळी थेट आपल्या शिवारावर उघडतं. मी ती वाडीच्या ग्रुपवर पण टाकली, आता पोरं स्वतःच बघतात.

तरवा (भाताची रोपं) उद्या काढायचा की परवा ह्याच्यासाठी मात्र मी हवामान खात्याचं मुंबई-गोव्याचं रडारच बघतो. नलस्कूल बघायचं ते पुढच्या काही दिवसात वारं कुठून आणि किती येतंय त्यासाठी, आणि शक्यतो कॉम्प्युटरवर, माझा जुना फोन तर पाच मिनिटात तापतो आणि बॅटरी धडाधड उतरते.