पोलिसांविरुद्धच्या तक्रारीची चौकशी कोण करते : राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाचे परीक्षण

पोलिसांच्या वर्तनाबद्दल तक्रार करायची वेळ आली की आपल्याकडची बहुतेक माणसे अजूनही पोलीस अधीक्षक किंवा पोलीस आयुक्त यांच्या नावे अर्ज लिहितात, आवक शिक्का मारलेली प्रत जपून ठेवतात आणि उत्तराची वाट पाहतात. तो अर्ज ‘चौकशीकामी’ खाली पाठवला जातो आणि बहुधा त्याच ठाण्यावर देखरेख असलेल्या उपअधीक्षकाच्या किंवा सहायक आयुक्ताच्या टेबलावर जाऊन पोहोचतो. मी ओळखीच्या लोकांना असे अर्ज लिहून देत आलो आहे आणि ‘अर्जातील मजकुरात तथ्य आढळून येत नाही, सबब अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे’ हे उत्तर निरनिराळ्या सह्यांखाली वाचले आहे. प्रत्येक वेळी ते उत्तर चुकीचेच असते असे मी म्हणणार नाही. पण चौकशी कोणी केली, कोणाचे जबाब घेतले आणि कोणती कागदपत्रे पाहिली हे त्या उत्तरात नसते, त्यामुळे ते बरोबर असले तरी तक्रारदाराला पटत नाही. पोलीस दलाबाहेरच्या व्यक्तीसमोर अशी तक्रार चालावी यासाठी निर्माण झालेली यंत्रणा म्हणजे महाराष्ट्र राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण. नागरिकांसाठीची एक सेवा म्हणून ती कितपत उपयोगी आहे, हे येथे तपासले आहे.

या प्राधिकरणाचे मूळ प्रकाश सिंह खटल्यात आहे. उत्तर प्रदेश आणि आसाम या राज्यांचे पोलीस महासंचालक राहिलेल्या प्रकाश सिंह यांनी १९९६ मध्ये याचिका केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी पोलीस सुधारणांसाठी सात निर्देश दिले. राज्य आणि जिल्हा या दोन्ही स्तरांवर तक्रार प्राधिकरण असावे, राज्य स्तरावर उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश आणि जिल्हा स्तरावर निवृत्त जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष असावेत, हा त्यांपैकी एक निर्देश होता. शेजारच्या गोव्याने २००७ मध्येच आपले प्राधिकरण स्थापन केले. महाराष्ट्राने मात्र २०१४ मध्ये महाराष्ट्र पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून त्याला कायद्याचा आधार दिला. हा विलंब राज्याला शोभणारा नव्हता.

प्राधिकरणाकडे कोणती तक्रार न्यावी याबाबत लोकांमध्ये बराच गैरसमज आहे. पोलीस कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा त्याचा प्रयत्न, विहित कार्यपद्धती न पाळता केलेली अटक किंवा स्थानबद्धता, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणे, तसेच कायद्याचे गंभीर उल्लंघन किंवा अधिकाराचा गैरवापर, हे प्राधिकरणाचे कार्यक्षेत्र आहे. ठाण्यात कोणी उर्मटपणे बोलले किंवा पारपत्राच्या पडताळणीला उशीर झाला, तर त्यासाठी वरिष्ठांकडचा अर्जच योग्य ठरतो. तक्रार पीडित व्यक्तीने स्वतः करावी असेही बंधन नाही. कुटुंबातील कोणीही किंवा तिच्या वतीने दुसरी व्यक्ती ती करू शकते आणि प्राधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. कोठडीत असलेला माणूस स्वतः अर्ज लिहू शकत नाही, त्यामुळे ही तरतूद मला फार महत्त्वाची वाटते.

या सेवेचे खरे मोल तिच्या चौकशीच्या पद्धतीत आहे. विभागीय चौकशी ही शासन आणि त्याचा कर्मचारी यांच्यातील बाब असते. तीत तक्रारदार हा केवळ साक्षीदार. त्याचा जबाब नोंदवला जातो आणि पुढे कसुरी अहवाल, म्हणजे कर्मचाऱ्याच्या चुकीचा वरिष्ठांना पाठवायचा अहवाल, गेला की नाही, कारणे दाखवा नोटीस निघाली की नाही, एखादी वेतनवाढ रोखली की केवळ समज देऊन प्रकरण संपवले, हे त्याला बहुधा माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करूनच विचारावे लागते, आणि तेव्हाही वैयक्तिक माहितीचे कारण देऊन नकार मिळण्याची शक्यता असते. प्राधिकरणाला साक्षीदारांना समन्स काढणे, कागदपत्रे हजर करायला लावणे, प्रतिज्ञापत्रावर पुरावा घेणे असे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्या अधिकाऱ्याला आपले म्हणणे द्यावे लागते, आणि ठाण्यातील नोंदी मागवून त्या म्हणण्याशी ताडून पाहता येतात. ज्या माणसाला ठाण्यात बसायला खुर्चीही मिळाली नाही, त्याच्या आरोपाला त्याच अधिकाऱ्याने निवृत्त न्यायाधीशासमोर उत्तर द्यावे, हे निकाल काहीही लागला तरी मोठे आहे असे मला मनापासून वाटते.

अर्थात हे अधिकार कामी येण्यासाठी तक्रारही तशीच लिहिलेली हवी. ‘मला खूप त्रास दिला’ या वाक्याने अधिकाऱ्याकडे कोणताच विशिष्ट खुलासा मागता येत नाही. तारीख, वेळ, ठाण्यातील जागा, हजर असलेल्यांची नावे किंवा बिल्ला क्रमांक लिहिले तर स्टेशन डायरीतील, म्हणजे ठाण्यातील रोजच्या घडामोडींच्या नोंदवहीतील, कोणती नोंद मागवायची हे ठरते. डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने अटकेच्या वेळी पंचनामा, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला कळवणे आणि वैद्यकीय तपासणी यांविषयी निर्देश दिले आहेत. त्यांपैकी काय झाले नाही हे एकेक करून लिहावे. परमवीर सिंह सैनी खटल्यातील २ डिसेंबर २०२० च्या निकालानुसार प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही हवेत आणि त्यांचे चित्रण अठरा महिने, ते शक्य नसेल तेथे किमान एक वर्ष, जपून ठेवले पाहिजे. म्हणून चित्रण राखून ठेवण्याची लेखी मागणी घटनेनंतर लगेच, तक्रारीची वाट न पाहता करावी. सहा महिन्यांनी कॅमेरा बंद होता असे उत्तर आले, तर त्या पहिल्या पत्राची पोच फार उपयोगी पडते.

आता उणिवा. सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा प्राधिकरण सांगितले होते. महाराष्ट्राने छत्तीस जिल्ह्यांसाठी महसुली विभागांचा स्तर स्वीकारला. गडचिरोलीतील सिरोंच्याच्या माणसाचा विभाग नागपूर, आणि तेथवरचे अंतर साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास; नंदुरबारच्या अक्कलकुव्याच्या माणसासाठी विभाग नाशिक. मजुरी बुडवून प्रत्येक तारखेला इतका प्रवास करणे ज्याला परवडत नाही, नेमक्या त्याच माणसाला या सेवेची सर्वाधिक गरज असते. प्राधिकरणात निवृत्त पोलीस अधिकारी सदस्य असतो यावर अनेकांचा आक्षेप आहे. माझा नाही, कारण डायरीतील नोंद मागाहून घातलेली आहे हे ओळखणारा माणूस चौकशीत लागतोच. मात्र अंतिम शब्द त्याचा नसावा. पाचपैकी गुण द्यायचे तर चौकशीच्या रचनेला मी चार देईन आणि सर्वसामान्यांच्या आवाक्याच्या दृष्टीने दोनच.

मानवी हक्क आयोग हा दुसरा मार्ग आहे, पण तेथे घटनेपासून एक वर्षाची मुदत कायद्यानेच घातलेली आहे. कोठडीतील मृत्यूसाठी तर न्यायदंडाधिकाऱ्यांची स्वतंत्र चौकशी अनिवार्य आहे. पूर्वी ती तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. मात्र त्या चौकशीनंतरही गुन्हा आपोआप नोंदवला जात नाही. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये कोठडीत झालेल्या मृत्यूच्या प्रकरणात पोलिसांवर गुन्हा नोंदवावा असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला ४ जुलै २०२५ रोजी द्यावा लागला.

सर्वांत गंभीर उणीव चौकशी संपल्यानंतरची आहे. प्राधिकरणाच्या शिफारशी संबंधित शासनावर बंधनकारक असाव्यात असे २००६ च्या निकालात स्पष्ट म्हटले होते. राज्याच्या कायद्याने मात्र अपवादात्मक परिस्थितीत, लेखी कारणे नोंदवून, अहवाल फेटाळण्याची मुभा शासनाकडे ठेवली. पोलीस दल ज्या गृह विभागाच्या अखत्यारीत आहे, त्याच शासनाने त्या दलाविरुद्धचा अहवाल स्वीकारायचा की नाही हे ठरवावे, ही रचना मला मान्य नाही आणि ती बदलली पाहिजे. तोपर्यंत तक्रारदाराने अहवालाची प्रत मागावी, त्यावर शासनाने काय निर्णय घेतला हे लेखी विचारावे, आणि अहवाल फेटाळला असेल तर त्याची नोंदवलेली कारणे मागून घ्यावीत. ती कारणे समोर असली म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात त्यांना आव्हान देता येते.