घरच्या हॉट रॉडला रेडिएटर: भंगारातला, कोअर बदललेला की नवा?

जुन्या जीपच्या चॅसीवर स्वतःची हॉट रॉड, म्हणजे जुन्या गाडीत दुसरं दमदार इंजिन घालून घडवलेली गाडी, उभी करणारी दोन-तीन पोरं वर्षभरात माझ्याकडे येऊन गेली. प्रश्न सगळ्यांचा एकच. रेडिएटर कुठला घेऊ, की खिशाला परवडेल आणि साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात पाणी उकळणार नाही? या प्रश्नात मी स्वतः एक उन्हाळा घालवला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझी गाडी अशी: महिंद्रा जीपची चॅसी, अँबॅसिडरमधलं १८१७ सीसीचं इसुझू पेट्रोल इंजिन, बॉनेटच्या दोन्ही बाजू उघड्या, पुढे उंच आणि अरुंद जाळी. हॉट रॉडचं रूप त्या जाळीतच आहे आणि खरी अडचणही तिथेच आहे. १९३२ च्या फोर्डच्या फ्लॅटहेड व्ही-८ लाही हेच भोगावं लागलं. त्या इंजिनात जळालेला वायू ब्लॉकच्या आतूनच, पाण्याच्या शेजारून बाहेर पडायचा आणि ती सगळी उष्णता अरुंद रेडिएटरच्या माथी यायची. इंधनातली साधारण एक तृतीयांश उष्णता पाण्यात उतरते. इंजिन मोठं आणि जाळी अरुंद, की हिशेब बिघडलाच.

म्हणून दुकानात जाण्याआधी पुठ्ठ्याचा साचा कापा. जाळीमागची उंची आणि रुंदी, पंख्यापासून जाळीपर्यंतचं अंतर, वरच्या-खालच्या होजचा व्यास, आणि इंजिनावर होज कुठल्या बाजूला आहेत, हे सगळं त्या पुठ्ठ्यावर लिहा. तो काखेत धरूनच बाजारात फिरा. मी आधी रेडिएटर आणला आणि मग जाळीमागची पट्टी कापत बसलो.

भंगारातला रेडिएटर सगळ्यात स्वस्त, यात वाद नाही. जीप, बोलेरो, सुमो, जिप्सी यांचे मिळतात. जुना तांब्या-पितळेचा असेल तर भंगारवाला तांब्याच्या भावाने वजनावर किंमत सांगतो, तेव्हा तो भाव आधी विचारून जा. माझा पहिला रेडिएटर असाच आणला होता. बाहेरून लखलखीत, रंग ताजा. घाटाच्या अर्ध्यावर काटा लाल पट्ट्यात गेला. उतरून, पंख्यापासून हात लांब ठेवून कोअरवर, म्हणजे बारीक ट्यूब आणि पत्र्याच्या फिन असलेल्या मधल्या भागावर, हात फिरवला, तर वरचा भाग चटके देत होता आणि खालचा एक कोपरा जवळजवळ गार. त्या कोपऱ्यातल्या ट्यूब क्षाराने बुजल्या होत्या. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलेल्या गाड्यांचं असंच होतं.

तेव्हापासून भंगारात तीन गोष्टी पाहतो. वरच्या तोंडातून बॅटरी मारून आतल्या ट्यूबच्या तोंडाशी पांढरा थर आहे का ते बघतो. पाइपने जोरात पाणी सोडतो. खालून तितक्याच धारेने बाहेर आलं पाहिजे, वर तुंबता कामा नये. आणि फिन बोटाने दाबतो. चुरा हातात आला, तर तो रेडिएटर फुकट मिळाला तरी महाग आहे. रेडिएटरवाल्याकडे तोंडं बंद करून हवा भरून हौदात बुडवून घ्या, बुडबुडे लगेच दिसतात.

दुसरा मार्ग म्हणजे जुन्या पितळी टँका आणि बाजूच्या पट्ट्या ठेवून मधला कोअर नवा घालणं. माझा कौल यालाच आहे. डाख देणारा चांगला रेडिएटरवाला पुठ्ठ्याच्या मापाने कोअर घेतो, होजची तोंडं हव्या बाजूला फिरवतो, जाळी अरुंद असेल तर ट्यूबची एक रांग वाढवून जाडी भरून काढतो. तयार मालात हे मिळत नाही. पुढे गळती झाली तरी कुठल्याही तालुक्याच्या गावी डाख देता येतो. खर्च भंगारापेक्षा बराच जास्त, पण तो पैसा माप जुळण्यासाठी जातो. दोष दोन: वजन, आणि जुन्या टँकांना जास्त दाब सोसत नाही. जीपच्या जुन्या टँकेवर नव्या गाडीची जास्त दाबाची कॅप लावू नका, सांधे सुटतात. शिवाय जीपची चॅसी चालताना पिळली जाते, तेव्हा बैठकीला रबर हवंच. थेट बोल्ट आवळला की डाखाला चीर पडते.

तिसरा पर्याय नवा अॅल्युमिनियम कोअर आणि प्लास्टिक टँकेचा, जिप्सी किंवा बोलेरोसाठी बाजारात येणारा. तुमच्या पुठ्ठ्याला तो बसत असेल तर मनात शंका न ठेवता घ्या. हलका, आतून कोरा, आणि ०.९ बारच्या आसपासची कॅप सोसणारा. त्या दाबाला पाणी जवळपास २० अंश उशिरा उकळतं. कासच्या पठारावर, १२०० मीटर उंचीवर, उघडं पाणी ९६ अंशांनाच उकळतं, तेव्हा आमच्या भागात हा फरक मोलाचा. तांबं उष्णता जास्त चांगली वाहतं हे खरं, पण अॅल्युमिनियमची ट्यूब रुंद करता येते, त्यामुळे कामात तोटा होत नाही. मात्र प्लास्टिक टँकेला तडा गेला तर डाख चालत नाही. आणि नळाचं पाणी घालायचं नाही, कूलंटच. नाहीतर अॅल्युमिनियम आतून खाल्लं जातं.

पूर्ण अॅल्युमिनियमचा, वेल्डिंग करून मापाने बनवलेला रेडिएटर दिसायला सुंदर. पण ‘परवडणारा’ हा शब्द तुमच्या यादीत असेल तर तो सोडून द्या.

रेडिएटरइतकाच पैसा काऊलसाठी, म्हणजे पंख्याभोवतीच्या आवरणासाठी, राखा, असं मी सगळ्यांना बजावतो. काऊल नसेल तर पंखा फक्त स्वतःच्या गोलापुरती हवा ओढतो, कोअरचे चारही कोपरे वाया जातात. पत्र्याचं काऊल स्थानिक फॅब्रिकेटर करून देतो. माझ्या गाडीत कोअर बदलल्यावर जेवढा फरक पडला, तेवढाच काऊलने पडला. इलेक्ट्रिक पंखा लावायचा असेल तर जुन्या जीपचा डायनामो पुरणार नाही. आधी अल्टरनेटर, मग रिलेसकट पंखा. आणि रेडिएटर इंजिनाच्या हेडपेक्षा खाली बसत असेल, तर सगळ्यात उंचावर एक्स्पान्शन टँक, म्हणजे पाण्याची छोटी जादा टाकी, ठेवा, नाहीतर हवा अडकून पाणी फिरतच नाही.

इंजिन बदललं असेल तर कागदांचं काम आधी उरका. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ नोंदणीच्या तपशिलाबाहेरचे बदल रोखतं, म्हणून आरटीओची परवानगी हातात आल्यावरच घाटात चला.

घाटाची चाचणी दोन भागांत घ्या. आधी गावात, पोवई नाक्याच्या गर्दीत. तिथे थांबून-थांबून तापली तर दोष बहुधा पंख्याचा किंवा काऊलचा. मग यवतेश्वरचा चढ. गावात ठीक आणि चढावर तापली, तर कोअर लहान पडतोय किंवा बुजलाय. तापलीच तर बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आणि अर्धा तास तरी कॅपला हात लावू नका. सोबत पाण्याचा पाच लिटरचा कॅन ठेवा. तो इंजिन निवल्यावरच ओतायचा.