क्रूझ आत्ता बुक करू की थांबू? अलास्का आणि कॅरिबियन, दोन्हीचा हिशोब

आई-बाबा उन्हाळ्यात अमेरिकेत येणार असं ठरलं की घराघरात हाच विषय निघतो, क्रूझ आत्ताच घ्यायची का थांबायचं, शेवटी शेवटी स्वस्त मिळते म्हणे. मिळते ना, पण सगळीकडे नाही.

आधी भाव कसा हलतो ते बघू. ट्रिप साधारण दीड-दोन वर्षं आधी विक्रीला येतात. मग जानेवारी ते मार्च 'वेव्ह सीझन', तेव्हा ऑफर्सचा नुसता पाऊस, पण नीट बघा, बऱ्याचदा भाडं तेच असतं आणि वर ड्रिंक्स पॅकेज नाहीतर बोटीवर खर्चायला क्रेडिट देतात. खरी हालचाल होते फायनल पेमेंटच्या, म्हणजे उरलेले सगळे पैसे भरायच्या शेवटच्या तारखेच्या आसपास, सात रात्रींच्या ट्रिपला ही तारीख साधारण 90 दिवस आधी असते. ज्यांचं नक्की नव्हतं ते त्या सुमारास कॅन्सल करतात, केबिन परत विक्रीला येतात. बोट रिकामी दिसली तर कंपनी भाव पाडते, कारण रिकाम्या केबिनचं भाडंही बुडतं आणि बार, कॅसिनो, किनाऱ्यावरच्या टूर्सची कमाईही. बोट भरत आलेली असेल तर मात्र भाव वर.

कॅरिबियनला थांबणं परवडतं. मायामी, फोर्ट लॉडरडेल, पोर्ट कॅनाव्हरल इथून वर्षभर बोटी सुटतात, एक हुकली तर दुसरी. सप्टेंबर-ऑक्टोबरात शाळा चालू आणि वादळांचा सीझन, त्यामुळे भाव सगळ्यात खाली (वादळ आलं तर बोट वाट बदलते, बहामाज म्हणून निघालात आणि मेक्सिकोला पोचलात असं होऊ शकतं). फ्लोरिडात राहणारे, गाडीने पोर्टला जाणारे, रिटायर्ड जोडपं, यांनी खुशाल थांबावं. ख्रिसमस आणि स्प्रिंग ब्रेकला मात्र थांबू नका, पस्तावाल.

अलास्काचं वेगळं. सीझन जेमतेम मे ते सप्टेंबर, ग्लेशियर बे या हिमनद्यांच्या खाडीत दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ बोटींना परवानगी, आणि सगळ्यांना बाल्कनीच हवी असते. शेवटी उरतात त्या बहुतेक आतल्या, बिनखिडकीच्या केबिन, आणि अलास्काला जाऊन बिनखिडकीत बसायचं म्हणजे काय! शिवाय सिएटल किंवा व्हँकुव्हरचं विमान ऐनवेळी काढलं की क्रूझवर वाचलेले पैसे तिकडे जातात. आणि सगळ्यात मोठं म्हणजे व्हिसा. 1886 च्या एका अमेरिकन कायद्यामुळे परदेशी नोंदणीच्या बोटीला सिएटलहून निघून सिएटललाच यायचं असेल तर मध्ये परदेशी बंदर घ्यावं लागतं, म्हणून ती कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबते, म्हणजे भारतीय पासपोर्टवर आलेल्या आई-बाबांना कॅनडाचा व्हिसा हवा. तो आठवड्याभरात हातात पडत नाही. त्यामुळे अलास्का आठ-दहा महिने आधीच घ्या, स्वस्तात हवी तर मेची सुरुवात नाहीतर सप्टेंबर बघा, जुलैत सूट शोधत बसू नका.

माझं मत विचाराल तर रिफंडेबल डिपॉझिट भरून आधी बुक करायचं आणि फायनल पेमेंटपर्यंत भावावर नजर ठेवायची. अमेरिकेत बुकिंग केलं असेल तर त्या तारखेआधी भाव पडल्यास बऱ्याच कंपन्या नव्या भावाने लावून देतात, फोन करून मागावं लागतं एवढंच. नॉन-रिफंडेबल भाडं थोडं कमी दिसतं पण आई-बाबांचा व्हिसा अजून यायचा असेल तर त्या वाटेला जाऊच नका.

मुलांसकट चौघं एका केबिनमध्ये जाणार असाल तर कॅरिबियनलाही थांबू नका, कारण चार बेडच्या केबिन मोजक्याच असतात. आणि दोन ट्रिपचे भाव शेजारी ठेवताना एक बघा, दाखवलेला आकडा दोघांच्या केबिनमधल्या एका माणसाचा असतो, एकट्याने गेलात तर जवळजवळ डबल पडतो, आणि रोजची माणशी टिप बहुतेक वेळा त्यात धरलेली नसते.