मॅस्टोडॉनवर यावं का? आठ-नऊ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आधी उत्तर सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. तुम्हाला एखादा नाद असेल (शाईची पेनं, नेचे, जुने कॅमेरे, विणकाम, आकाशदर्शन, काहीही) आणि घरात त्याबद्दल ऐकून घेणारं कुणी उरलं नसेल, तर मॅस्टोडॉनवर (जुन्या ट्विटरसारखंच, छोट्या पोस्ट टाकायचं समाजमाध्यम) खुशाल या. मराठी गप्पा, महाराष्ट्राचं राजकारण, क्रिकेट, ‘लोकल का थांबली’ याचं ताबडतोब उत्तर हवं असेल, तर मात्र वैतागाल. ती मंडळी अजूनही एक्सवरच (म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवरच) आहेत. मुंबई पोलीसही तिथेच, मध्य रेल्वेही तिथेच.

माझा नाद शाईच्या पेनांचा. एक्सवर या नादाची माणसं मी वर्षानुवर्षं जमवली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ४४०० कोटी डॉलरला ट्विटर घेतलं, जुलै २०२३ मध्ये त्याचं एक्स झालं, तेव्हा बरेच जण तत्त्वाखातर निघून गेले. मी गेले नाही. मला कंटाळा आला तो निराळ्याच गोष्टीचा: ज्यांना मी फॉलो करते त्यांच्या पोस्ट दिसेनात आणि ज्यांचं तोंडही बघायचं नाही ते सकाळ-संध्याकाळ समोर. निबांबद्दल वाचायला जावं आणि कुणाचं तरी भांडण वाचून बाहेर यावं, असं रोज व्हायला लागलं.

कू हा पर्याय एकेकाळी होता. पिवळ्या पक्ष्याचं ते भारतीय अ‍ॅप २०२० मध्ये आलं, त्यावर मराठी बऱ्यापैकी होती, आणि जुलै २०२४ मध्ये ते बंद पडलं. एकाच कंपनीचं दुकान असलं की हे असं होतं. म्हणून या वेळी जरा वेगळ्या रचनेचं काहीतरी बघायचं ठरवलं.

मॅस्टोडॉन २०१६ मध्ये ऑयगेन रोख्को या जर्मनीतल्या तरुणाने सुरू केलं. त्यात एक मोठी कंपनी, एक मोठा सर्व्हर असं काही नाही. हजारो छोटे-मोठे सर्व्हर आहेत, प्रत्येक कुणीतरी आपल्या खर्चाने किंवा देणग्यांवर चालवतं, आणि ई-मेलमध्ये जसं रेडिफवरून जीमेलला पत्र जातं तसं एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्यावरच्या माणसाला फॉलो करतो, उत्तर देतो. जाहिराती नाहीत. पोस्ट वेळेच्या क्रमाने दिसतात, बस्स. तुमच्यासाठी काय चांगलं हे ठरवणारं यंत्र मधे बसलेलं नाही.

हे ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात पहिले काही आठवडे स्क्रीन रिकामी असते. ज्यांना फॉलो कराल तेच दिसणार, आणि ओळखीचं तर कुणी नाही! बहुतेक जण इथेच खातं सोडून जातात. यावर उपाय एकच आहे आणि तो मला कुणी सांगितला नव्हता: माणसं शोधत बसू नका, हॅशटॅग फॉलो करा. इथे हॅशटॅगलाच फॉलो करता येतं. मी ‘फाउंटनपेन्स’ आणि शाईचे दोन-तीन टॅग धरले, शिवाय फुलांचे फोटो टाकणाऱ्यांचा ‘ब्लूमस्क्रोलिंग’. आठवडाभरात पान भरलं. आणि हो, स्वतःची पोस्ट टाकताना टॅग विसरलात तर ती अनोळखी लोकांना सहसा सापडणार नाही. लाइकने पोस्ट पुढे जात नाही, फक्त लिहिणाऱ्याला कळतं. पुढे जाते ती बूस्ट केल्यावर, म्हणजे कुणी ती आपल्या फॉलोअर्सना दाखवल्यावर. एवढं एक कळलं की निम्मं मॅस्टोडॉन कळलं.

पेनवाल्यांकडे मात्र मी श्रीमंत झाले. आपल्याकडच्या ज्या गोष्टी आपल्याला नेहमीच्या, त्यांचं तिकडे फार अप्रूप. मुंबईच्या एअरमेल कंपनीचं माझं जुनं एबोनाइटचं पेन, ड्रॉपरने थेट दांडीत शाई भरायची ते, त्याचा फोटो टाकला तर प्रश्नांची रांग लागली. कन्व्हर्टर (शाई ओढून घेणारी सुटी नळी) नाही? कार्ट्रिज (शाईने भरलेली तयार नळी) नाही? मग गळत नाही का? गळतं की. शाई संपत आली की दांडीत हवा जास्त होते, हाताच्या उबेने ती फुगते आणि निबेतून टप्पकन एक थेंब पडतो. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, त्यातून उष्णता लवकर जात नाही, म्हणून प्लॅस्टिकच्या दांडीपेक्षा हा त्रास कमी. हे एवढं सगळं मी एका पोस्टमध्ये लिहिलं, कारण इथे मर्यादा सहसा ५०० अक्षरांची असते. त्यावरून कुणी तरी रत्नम या पेन बनवणाऱ्यांची आठवण काढली, त्यांच्या आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या पेनांवर दोन दिवस गप्पा चालल्या. एक्सवर माझ्या याच फोटोला एका गृहस्थांनी ‘आता बॉलपेन घ्या’ असा सल्ला दिला होता.

फोटोखाली त्याचं वर्णन लिहायची इथे पद्धत आहे, न दिसणाऱ्यांसाठी. जवळपास सक्तीच म्हणा, पण प्रेमाची. कोलकात्याच्या सुलेखा शाईने लिहिलेल्या चार ओळींचा फोटो टाकताना मी वर्णन लिहिलं: निळी शाई, रेघ जिथे थांबते तिथे गडद, शिरोरेषा किंचित वर गेलेली. स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या एका बाईंनी विचारलं, कागदावर निब आवाज कसा करते तेही लिहाल का? इतकी वर्षं पेनांबद्दल लिहितेय, आवाजाचं कधी सुचलं नव्हतं. तेव्हापासून लिहिते. खरखरीत, गुळगुळीत, आणि एक निब तर चक्क कुरकुरते.

आता मराठीचं. इथे अक्षरं आपल्या पद्धतीने मोजतात हा एक सुखद धक्का. एक्स काना-वेलांट्या सुट्या मोजतं, त्यामुळे ‘मराठी’ हा शब्द तिथे पाचाचा भरतो आणि इथे तीनचा. प्रत्येक पोस्टला भाषा लावता येते, आणि ठरावीक भाषेच्याच पोस्ट बघण्याची सोय आहे. मी उत्साहाने सार्वजनिक टाइमलाइनला फक्त मराठी लावली. थोडी माणसं, थोड्या आपोआप पडणाऱ्या बातम्या, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये शेवटचं बोलून गप्प झालेली खाती. त्या सुमारास सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद केल्यावरून गदारोळ झाला होता आणि भारतातून लोंढाच्या लोंढा इथे आला होता. आला तसा बराचसा परतही गेला. त्यातले जे टिकले ते छान लिहितात, पण रोज संध्याकाळी कट्टा जमेल इतके नाहीत. भाषांतराचं बटण आमच्या सर्व्हरवर जर्मन-फ्रेंचला येतं, मराठीला येत नाही. म्हणजे मराठीत लिहिलं तर इंग्रजी ओळ जोडायची, नाहीतर मोजक्यांसाठी लिहायचं. मी दोन्ही करते. मूडवर आहे.

त्रास आहेतच. दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाच्या प्रोफाइलवर जावं तर त्याच्या जुन्या पोस्ट दिसत नाहीत; त्या बघायला त्याच्याच सर्व्हरवर जावं लागतं. सर्व्हरवरची आवृत्ती जुनी असेल तर एखाद्या चर्चेतली अर्धी उत्तरं आपल्याकडे पोचलेलीच नसतात, आणि मग आधी तिघांनी सांगितलेलं आपण चौथ्यांदा सांगतो. वेळेच्या क्रमाचा फटकाही आपल्यालाच बसतो: सकाळी सातला चहाबरोबर टाकलेली पोस्ट युरोप झोपेतून उठेपर्यंत तळाला गेलेली असते. मी आता संध्याकाळीच टाकते.

खासगी निरोपाबद्दल मात्र नीट ऐका. इथला खासगी निरोप म्हणजे फक्त उल्लेख केलेल्यांना दिसणारी पोस्ट. त्यात कुणा तिसऱ्याचं नाव ‘अ‍ॅट’ लावून लिहिलंत, तर तो निरोप त्या तिसऱ्यालाही जातो. शिवाय तो एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद, नाही; सर्व्हर चालवणाऱ्याने ठरवलं तर वाचू शकतो. तेव्हा उखाळ्यापाखाळ्या व्हॉट्सअ‍ॅपवरच ठेवा.

आणि इथल्या माणसांची शिकवण्याची हौस! हे असं लिहू नका, याला आधी इशारा जोडा, ही बातमी पडद्याआड टाका. हेतू चांगला असतो, कधीकधी बरोबरही असतो, पण नव्या माणसाला पहिल्याच दिवशी वर्गात उभं केल्यासारखं होतं. म्यूटचं बटण यासाठीच आहे, मी ते हात राखून वापरत नाही.

सर्व्हर निवडताना रंगरूप बघू नका, चालवणारे किती जण आहेत ते बघा. मी ज्यावर सुरुवात केली तो एकट्या माणसाचा होता. खर्च झेपेना म्हणून त्याने बंद करायचं जाहीर केलं, आधी सांगून, सभ्यपणे. खातं हलवता येतं: फॉलोअर्स नव्या पत्त्यावर आपोआप येतात, पण जुन्या पोस्ट येत नाहीत. माझी सुरुवातीची निबांची मालिका अशीच गेली. मोठ्यांचंही काही खरं नाही, फायरफॉक्सवाल्या मोझिलाने आपला सर्व्हर डिसेंबर २०२४ मध्ये बंद केला. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीतल्या सर्व्हरनी बंद करण्याआधी किमान तीन महिने कळवायचं, रोज बॅकअप घ्यायचा, आणि सर्व्हरच्या चाव्या, म्हणजे तो चालवायचे अधिकार, दोघांकडे तरी ठेवायचे असा नियम आहे. त्या यादीतूनच घ्या.

ब्लूस्काय हे एक्ससारखंच आणखी एक माध्यम सोपं नाही का, असं दोघा-तिघांनी विचारलं. सोपं आहे. फेब्रुवारी २०२४ पासून निमंत्रणाशिवाय खातं काढता येतं, चेहरामोहरा जुन्या ट्विटरसारखा, मर्यादा ३०० अक्षरांची. पत्रकार आणि शास्त्रज्ञ तिकडे जास्त दिसतात. बातम्यांसाठी एक्सला पर्याय हवा असेल तर ते बघा. माझ्या पेनवाल्या मंडळींचा तिकडे म्हणावा तसा जम दिसला नाही, म्हणून मी राहिले नाही.

एक्सचं खातं मी ठेवलंय. वीज गेली की कंपनीला टॅग करायला ते लागतं.